पत्रीचा धाक

'टेरर' हा शब्द कराडात आता कुणाला झोंबत नाही. गणिताचे कडक सर टेरर, तालमीतला दांडगा गडी टेरर, आणि वाढदिवसाच्या फ्लेक्सवर गॉगल लावून उभं असलेलं, नुकतं मिसरूड फुटलेलं पोरगंही टेरर. 'लय डेंजर हाय' ही त्याच जातीची दाद. पोलिसांच्या फिर्यादीत मात्र हीच गोष्ट 'परिसरात दहशत निर्माण केली' अशी उतरते आणि तिथं ती गुन्हा असते. एकच गोष्ट चौकात मिरवायची आणि ठाण्यात नोंदवायची, हे जिथं राजरोस चालतं तिथं माणसं धाकाबद्दल मनातून काय मानतात हे एकदा विचारायला हवं. त्यातून हा जुना सातारा जिल्हा. कराड, वाळवा, तासगाव, खानापूर हे सगळे तालुके त्यात एकत्र होते, आणि १९४३ ते १९४६ या काळात इथल्या कितीतरी गावांत इंग्रजांचा अंमल नावापुरता उरला होता. कारभार चालत होता तो नाना पाटलांच्या सरकारचा. ते सरकार लोकांच्या मायेवर चाललं की धाकावर, यावर इथल्या घरांत अजून आवाज चढतात.

असाच एक वाद शेजारी आण्णांच्या सोप्यात झाला. आण्णा हवालदार म्हणून निवृत्त झाले, सगळी नोकरी सातारा-सांगलीत. त्यांची पुतणी कराडच्या कोर्टात फौजदारी वकिली करते. सगळी आळी तिला ताई म्हणते. आण्णांच्या नातवानं मोटारसायकलच्या मडगार्डवर लाल रंगात 'टेरर' लिहून आणलं होतं आणि ताईनं ते येताना पाहिलं होतं.

"आण्णा, ते पुसायला लावा त्याला."

"पुसंल की. वय हाय. पन खरं सांगू? धाक ही वंगाळ गोष्ट न्हाय, पोरी. धाक उरला न्हाय म्हनून तर पोरास्नी असलं रंगवायचं सुचतंय."

"धाक वेगळा आणि हे वेगळं."

"काय येगळं? दोन्हीत मानूस भितंयच की."

ताई म्हणाली, "हा शब्द गुंडांसाठी निघालाच नव्हता, आण्णा. फ्रान्समध्ये १७९३-९४ साली रोबेस्पिएरच्या मंडळींनी हजारो माणसं गिलोटिनखाली घातली. राज्य टिकवायचं तर लोकांना भीतीत ठेवलं पाहिजे, असं ते उघड बोलत. टेररिस्ट म्हणून नाव ठेवलं गेलं ते त्या राज्यकर्त्यांना. म्हणजे ज्याच्या हातात सत्ता आहे त्यानं भीती हेच हत्यार केलं, त्याचं ते नाव. पुढं सरकारांनीच तो शब्द उचलला आणि विरोध करणाऱ्यांवर फेकला."

"फ्रान्सचं मला ठावं न्हाय, वडूजचं ठावं हाय," आण्णा म्हणाले. "आमच्या बापाकडनं ऐकलेलं."

आणि ते सांगू लागले. १९४२ चा ऑगस्ट. मुंबईत 'चले जाव' झालं आणि आठवड्याभरात या भागातले तरुण पेटले. २४ ऑगस्टला कराडच्या कचेरीवर बाळकृष्ण पाटील उंडाळकरांच्या पुढारपणाखाली मोर्चा आला. मग ३ सप्टेंबरला तासगाव. माणसं निःशस्त्र, हातात झेंडा, मागणी एकच की कचेरीवर तिरंगा लावू द्या. ९ सप्टेंबरला वडूजच्या कचेरीसमोर मात्र गोळी चालली. झेंडा धरून पुढं असलेले परशुराम घार्गे पडले आणि त्यांच्यासोबत आणखी माणसं पडली. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात गोळीबार झाला. त्यात किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर पंड्या गेले.

"तुजा तो फ्रान्सचा शब्द लावायचा तर हितं लाव," आण्णा म्हणाले. "सरकारनं ठरवलं, यास्नी एकदा रगात दाखवायचं, म्हंजे घरात बसत्यात."

"तिथंच लावते. त्यात आपलं भांडणच नाही."

"मग भांडन कुठं हाय?"

"पुढं आहे. वडूजनंतर जे झालं त्याला तुम्ही काय म्हणता, ते सांगा."

वडूज-इस्लामपूरनंतर मोर्चे थांबले आणि माणसं भूमिगत झाली. त्यांच्यापुढं पहिलं संकट उभं राहिलं ते इंग्रजांचं नव्हतं. पोलीस क्रांतिकारकांमागं धावत होते, तेव्हा दरोडेखोरांचं फावलं. काही गुंड तर भूमिगतांचं नाव सांगून घरं लुटत. लोक म्हणू लागले, तुमचं स्वराज्य येईल तेव्हा येईल, आज रात्री दाराला कडी लावून झोपता येईल का ते सांगा. येडे मच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाईकडचे किसन वीर ही माणसं इथं वेगळी ठरतात. त्यांनी आधी दरोडेखोरांचा बंदोबस्त केला. मग ग्रामसमित्या आल्या, न्यायदान मंडळं आली. बांधाचे, उसनवारीचे, भाऊबंदकीचे तंटे कोर्टात न जाता गावातच मिटू लागले. कर्ज काढून लग्नं करू नयेत म्हणून गांधी लग्नं लावली गेली. दारूवर बंदी आली. आणि या सगळ्यामागं तुफान सेना उभी राहिली.

कार्यकर्ते स्वतः याला प्रतिसरकार म्हणत. लोकांच्या तोंडी बसलं ते पत्री सरकार.

"का बसलं?" ताईनं विचारलं. "गांधी लग्नाचं सरकार असं का नाही म्हटलं कुणी? न्याय मंडळाचं सरकार का नाही? लोकांनी नाव ठेवलं ते मारावरून. लोकांच्या मनात पहिलं काय रुतलं होतं ते त्या नावातच दिसतं."

आण्णांना हे लागलं. पत्री म्हणजे काय हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, म्हणून ते मला सांगतात तसं सविस्तर बोलू लागले. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ मध्ये शंभरीच्या उंबरठ्यावर गेले. म्हातारपणी मुलाखती द्यायचे तेव्हा ते ही रीत काही लपवून न ठेवता सांगत. खबऱ्या कोण ते पक्कं झालं की रात्री घराला वेढा पडे. त्याला आणि त्याच्या एका साथीदाराला गावाबाहेर नेत. खबऱ्याच्या दोन घोट्यांच्या मध्ये लाकडी दांडकं घालून पाय बांधत, त्याला उलटा धरत आणि तळव्यांवर काठ्या हाणत. अंगाला दुसरीकडं कुठंही हात लावायचा नाही, फक्त तळवे. झालं की त्याला साथीदाराच्या पाठीवर टाकायचं, त्यानं उचलून घरी न्यायचं. पुढं कित्येक दिवस त्याला नीट चालता येत नसे. एकदा ताडसरला एका मोठ्या घरात रात्री शिरले, तर आत सगळ्या बायकाच झोपलेल्या. एक कोपऱ्यात, इतरांपासून लांब, डोक्यावरून पांघरूण घेऊन. ही एकटीच अशी का, म्हणून बघितलं तर तोच. पांघरुणासकट उचलून नेला.

"बग," आण्णा म्हणाले, "जीव घेतला का? न्हाय. हात-पाय मोडला का? न्हाय. पन सकाळी सगळ्या गावानं बगितलं, ह्यो लंगडतोय. कशापायी लंगडतोय ते कुनी इचारलं न्हाय, समद्यास्नी समजलं. त्यापुढं त्या गावात खबर द्यायची छाती झाली कुनाची? एक खबर म्हंजे इस घरं फासावर. तुज्या पुस्तकात याला काय म्हनत्यात ते म्हन. मी याला धाक म्हनतो, आनि चांगला धाक म्हनतो."

"खबऱ्या कोण हे पक्कं कसं व्हायचं?"

"गावाला ठावं असतं."

"गावाला काय ठाऊक असतं ते मी रोज कोर्टात बघते. गाव म्हणतं हाच चोर, आणि उलटतपासणीत निघतं की बांधावरून दोन पिढ्यांचं वैर आहे. रात्री, अंधारात, बाजू मांडायला सवड नाही, अपील नाही, कागद नाही. दहांतला एक जरी भलताच असेल तर त्याचे तळवे कुणी भरून द्यायचे? आणि तो कुणाला सांगणार? सांगितलं तर पुन्हा खबऱ्या ठरणार."

आण्णा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटतं हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. ते म्हणाले, "चुकलं असंल एकांदं. लढाई व्हती ती. समोरनं बंदूक, मागनं खबऱ्या. अपिलाचं कागद कुठं लिवायचं, उसाच्या फडात?"

"लढाई होती हे मान्य. पण मग लढाई म्हणा, न्याय म्हणू नका. तुम्ही दोन्ही म्हणता."

हा घाव खरा होता. प्रतिसरकारवर ज्यांनी अभ्यास केला, त्यात कासेगावात राहून लिहिणाऱ्या गेल ऑम्व्हेट होत्या आणि या चळवळीवर स्वतंत्र पुस्तक लिहिणारे ए. बी. शिंदे होते. असल्या अभ्यासांमुळं मंडळांचं काम, समित्या, तंट्यांचे निवाडे हे सगळं पुढं आलं. तरी गावातल्या पारावर आजही गोष्टी निघतात त्या रेल्वे लुटल्याच्या आणि पत्री मारल्याच्या. निवाडा ऐकायला रंगत नाही, मार रंगतो. माझ्या मते आपण या इतिहासावर केलेला हा अन्याय आहे. ७ जून १९४३ ला कराड तालुक्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराचे पैसे नेणारी गाडी अडवली, ती आठवण आपण दगडावर कोरून ठेवली. ज्या समित्यांनी शेजाऱ्या-शेजाऱ्यांचं बोलणं पुन्हा सुरू करून दिलं, त्यांची पाटी मी कुठल्या गावात पाहिलेली नाही.

आण्णांनी मग वेगळाच मोहरा पुढं केला. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील यांची भवानीनगरची गोष्ट. पोलीस ठाण्यातल्या बंदुका पळवायच्या होत्या. हौसाताई आणि त्यांचा 'नवरा' झालेला एक साथीदार ठाण्यासमोर भांडू लागले. त्यानं तिला मारायला सुरुवात केली आणि शेवटी एक मोठा धोंडा उचलला. आता हा तिचं डोकं ठेचणार, असं वाटून पोलीस ठाणं सोडून धावत बाहेर आले. तेवढ्यात बाकीच्यांनी आत शिरून हत्यारं उचलली.

"हे मी नोकरीत असताना किती जनांना सांगितलंय," आण्णा म्हणाले. "लोक हसत्यात, पोलीस कसं फसलं म्हनून. मी म्हनतो, कशापायी फसलं ते बगा. बाईमानूस मार खातंय हे बगवलं न्हाय म्हनून धावलं. इंग्रजाचा पगार खानारा शिपाई बी तितं मानूसच व्हता."

"मग तुम्हीच तुमच्या विरुद्ध बोलताय, आण्णा," ताई म्हणाली. "तो शिपाई धाकानं धावला नाही. वरिष्ठाचा धाक असता तर बंदूक सोडून हललाच नसता."

इथं आण्णा हसले. पण हरले नव्हते.

"बरं. मग मला येवढं सांग. नाना चार वर्सं फरारी. डोक्यावर बक्षीस, घरदार-जमीन जप्त. मधी आई वारली तर जिवावर उदार हून कराडात आले आनि तिला अग्नी दिला. हितं, ह्या गावात, पोलीस हाकंच्या अंतरावर. कुनी खबर दिली न्हाय. ते समदं तुज्या मतानं पत्रीच्या भ्यानं का?"

"तुमच्या मतानं?"

"मायेनं."

"मग पत्रीची गरज काय होती?"

मला वाटतं या दोन वाक्यांपाशी सगळा वाद येऊन ठेपतो. इंग्रज अधिकाऱ्यांचं म्हणणं, लोक घाबरून गप्प आहेत. चळवळीचं म्हणणं, लोक आपले म्हणून गप्प आहेत. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गप्प सारखेच दिसतात. रात्री दारावर थाप पडते, भूमिगत माणूस आत येतो, घरची बाई काही न बोलता भाकरी टाकते. ती कशानं टाकते, हे त्या रात्री कुणी सांगू शकत नाही. बहुतेक घरांत दोन्ही असणार: नानांबद्दल ओढ आणि शेजाऱ्याच्या लंगडण्याची आठवण.

मी मध्ये पडून माझं म्हणणं मांडलं. भीती उठल्यावर माणसं काय करतात, ते बघावं. १९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, भूमिगत बाहेर आले आणि नाना कराड तालुक्यात लोकांसमोर प्रकट झाले. तेव्हा त्यांच्या हातात ना तुफान सेनेच्या काठ्या, ना कुठलं पद. लोक त्यांना टाळू शकत होते. टाळलं नाही. १९५७ मध्ये याच सातारा मतदारसंघानं त्यांना लोकसभेवर पाठवलं, तेही कम्युनिस्ट पक्षाकडून. मतपेटीत कागद टाकताना कुणाला तळव्यांवरच्या काठीची भीती नसते.

आण्णांनी मांडीवर थाप मारली. ताईनं मान हलवली.

"सत्तावन्नला संयुक्त महाराष्ट्राची लाट होती, काका. आणि लोकांनी निवडलं ते नानांना. तलाठ्याची नोकरी सोडून गावोगाव फिरलेल्या माणसाला, त्यांच्या बोलण्याला. पत्रीला मत दिलं असं कसं म्हणता? मला तर उलट दिसतं. नानांवर लोकांचा जीव होता म्हणून पत्री खपली. दुसऱ्या कुणी मारली असती तर तिला गुंडगिरीच म्हटलं असतं."

यावर मला उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. ती म्हणते ते बरोबर असावं, असंच मला वाटत आलंय. पत्री ज्यांनी चालवली ते त्याच गावचे, त्याच पंगतीत बसणारे, उद्या तोंड दाखवावं लागणारे होते. फक्त तळवे हा नियम ते पाळू शकले, कारण त्यांच्यावर गावाची नजर होती. ती नजर काढून घेतली तर हातात उरते नुसती काठी.

ताईनं मग ज्या गोष्टीसाठी इतका वेळ दम धरला होता, ती काढली. "कुंडल त्या वेळी कुणाच्या हद्दीत होतं, आण्णा?"

"औंधच्या. म्हनून तर बरं पडलं. संस्थानात इंग्रजाचा पोलीस सहजी शिरत नव्हता."

"त्याच औंध संस्थानात आटपाडीही होतं. आणि आटपाडीजवळ त्याच राजानं काय केलं?"

आण्णांना माहीत होतं. पोलिसांना माहीत असतंच. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्ये प्रजेला राज्यघटना दिली, आणि त्याच वर्षी मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या, गांधींच्या वाटेनं गेलेल्या इंजिनिअरच्या साथीनं स्वतंत्रपूर वसवलं. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथं भिंतीशिवाय राहू लागले. शेती करायची, बायकामुलं सोबत ठेवायची, बाजाराला जायचं, परत यायचं. शेटफळ्याच्या ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांतारामांनी १९५७ मध्ये काढलेला 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच सुचला. वसाहत आजही सांगली जिल्ह्यात चालू आहे.

"एकाच राजाच्या दोन तुकड्यांत, एकाच काळात," ताई म्हणाली. "कुंडलला खबऱ्याचे तळवे फोडले जात होते आणि आटपाडीला खुन्याच्या हातात खुरपं देऊन त्याला मोकळं सोडलं जात होतं. तुमचा धाक जिथं शून्य, तिथंही माणूस पळाला नाही."

"शून्य?" आण्णा सरसावून बसले. "हितं तू चुकतीस. मी कैदी पोचवायला गेलोय. तितं कोन जातंय? ज्यानं मोठ्या जेलात वर्सानुवर्सं नीट वागून दाखवलं त्योच. आनि त्याला पक्कं ठावं असतंय, हितनं पळालो की परत उंच भितींच्या आत, आनि बायकू-पोरं भायेर. भित न्हाय असं वाटतं तुला. भित हाय, लांब हाय येवढंच. येरवड्याला हाय."

मला हे आण्णांचं सगळ्यात चांगलं बोलणं वाटलं. ताईलाही ते पटलं असावं, कारण ती लगेच बोलली नाही. आणि बोलली तेव्हा आवाज उतरला होता.

"असेल. पण तो घाबरतो ते कशाला? हातातलं जाईल याला. सकाळी मुलाला शाळेत सोडतो, ते जाईल. कुणा माणसाला नाही घाबरत. गावात सावकार दिसला की बाई पदर ओढून दुसऱ्या गल्लीनं जाते, ती भीती माणसाची. ही दोन्ही भयं मला एका नावानं बोलवायची नाहीत."

यानंतर बोलणं जुन्या काळातून आजच्या कराडात आलं, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. आण्णांच्या मते हल्ली पोलीस गुंडाला बेड्या घालून चौकातून चालवतात ते बरं करतात. ज्या गल्लीत त्यानं कोयता नाचवला तिथूनच त्याला मान खाली घालून चालवायचा. पोरं बघतात, दुकानदार बघतात, त्याचा दरारा उतरतो. ताईनं आधी कायद्याचं सांगितलं: कारणाशिवाय बेड्या घालणं राज्यघटनेला धरून नाही, हे सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच ठरवलंय. पण तिचा खरा मुद्दा कायद्याचा नव्हता. "तुम्ही धिंड काढता, त्याचे साथीदार मोबाईलवर ती टिपतात. संध्याकाळी त्याला गाणं लावून रील होते. खाली लिहिलेलं असतं, वाघ पिंजऱ्यात असला तरी वाघच. तुम्ही उतरवायला गेलात तो दरारा वाढला. पत्रीच्या काळी लंगडणारा माणूस गावात लाजेनं राहत होता. आता लंगडण्याचाही फ्लेक्स होतो."

यावर आण्णांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "तडीपार करावं, मग."

"करतात की. आणि तडीपारीचं कलम वाचलंय तुम्ही. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चा, कलम ५६."

"पाठ हाय. प्रांताकडं परस्ताव आमीच लिवून धाडायचो."

"त्यात अट काय आहे? नुसता गुन्हेगार असून भागत नाही. जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीनं साक्षीदार उघडपणे साक्ष द्यायला पुढं येत नाहीत, असं अधिकाऱ्याचं मत व्हायला लागतं. म्हणजे कायदाच मान्य करतो, की इथं टेरर आहे आणि आम्ही ते मोडू शकलो नाही, म्हणून माणूसच दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढतो. कराडातून काढलेला माणूस शेजारच्या जिल्ह्यात जाऊन राहतो. भिणारा साक्षीदार भीतच राहतो."

आण्णा म्हणाले, "ते खरं हाय. इन कॅमेरा जबाब घ्यायचो आम्ही, नाव न लिवता, 'साक्षीदार अ' आनि 'साक्षीदार ब'. रातीचं घरी जाऊन. बिचारं दाराकडं बगत बोलायचं. लिवून झालं की म्हनायचं, सायेब, माजं नाव कुटं हाय का त्यात? परत परत इचारायचं."

ते हे सांगत होते तेव्हा त्यांच्या आवाजात मघाचा जोर नव्हता. तीस-पस्तीस वर्षं धाकाच्या बाजूनं नोकरी केलेल्या माणसाला, धाकाखाली बसलेल्या माणसाचा चेहरा जितका जवळून माहीत असतो तितका वकिलाला नसतो. मला वाटतं धाकाबद्दल बोलताना आपण नेहमी तो घालणाऱ्याकडं बघतो. तो दरोडेखोर असो, फौजदार असो की क्रांतिकारक. त्याच्यात आपल्याला रस असतो. ज्याच्यावर तो पडतो त्याला आपण 'लोक' म्हणतो आणि पुढं जातो. ताडसरच्या त्या रात्री घरात बाकीच्याही बायका होत्या. त्या जाग्या झाल्या असतील. त्यांचं पुढं काय, हे या गोष्टीत कुणी विचारत नाही. मीही आजवर विचारलं नव्हतं.

ताई आली होती ती मुळात अशाच एका साक्षीदाराच्या कामासाठी, हे मला तेव्हा कळलं. तिच्याकडं एक खटला आहे, सावकारीचा. प्रतिसरकारनं ज्यांना वठणीवर आणलं त्यातले सावकारही होते. २०१४ च्या कायद्यानुसार विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, पण धंदा काही संपलेला नाही. या खटल्यात वसुलीसाठी जिवाची धमकी दिली म्हणून खंडणीचंही कलम लागलंय, आणि ताई फिर्यादी घराच्या वतीनं सरकारी वकिलांना मदत करते. धमकी प्रत्यक्ष ऐकलेली एकच बाई आहे. ती आण्णांच्या ओळखीची. ती कोर्टात यायला तयार नाही.

"मी जातो की त्या सावकाराच्या दुकानावरनं," आण्णा म्हणाले. "काय बोलायचं बी न्हाय. नुसतं समोर बाकड्यावर च्या पीत बसायचं घटकाभर. समजंल त्याला."

"तेच नको आहे मला, आण्णा."

"का? तुला साक्षीदार पायजे ना?"

"मला ती बाई साक्षीदार म्हणून हवीये, आणि त्याच्यापेक्षा तुम्ही मोठे म्हणून ती आलेली नकोय. उद्या तुम्ही नसाल. तिला त्याच गल्लीत राहायचंय."

तिनं सांगितलं ते असं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना सगळ्या देशाला लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं अर्ज करता येतो. नुसत्या सावकारीच्या गुन्ह्याला ती लागत नाही, सात वर्षांपर्यंतच्या किंवा त्याहून जास्त शिक्षेचं कलम असावं लागतं. इथं खंडणीमुळं ते जमतं. अर्ज आला की उपविभागाच्या पोलीस उपअधीक्षकांकडून धोका किती आहे याचा अहवाल मागवतात. मग कोर्टात नेण्या-आणण्याला पोलीस, साक्षीच्या वेळी आरोपीची समोरासमोर गाठ न पडेल अशी सोय, घरावरून गस्त, यातलं लागेल ते मिळू शकतं. ही योजना आहे हे अनेक साक्षीदारांना कुणी सांगतच नाही.

"कागुद झाला ह्यो," आण्णा म्हणाले. "गस्तीची गाडी आठ दिस फिरंल. नवव्या दिशी?"

"नवव्या दिवशी तुम्ही जायचं. पण त्याच्या दुकानावर नाही. तिच्या घरी."

आण्णा त्यावर लगेच हो म्हणाले नाहीत. अशा वेळी काय बोलावं हे त्यांना जमत नाही, असं त्यांनी सांगितलं. गुन्हेगाराशी कसं बोलायचं ते येतं, घाबरलेल्या बाईशी बोलायला त्यांच्या बायकोला न्यावं लागेल. ताई म्हणाली, काकूंनाही न्या. अर्जात एक गोष्ट तिच्याच तोंडून यायला हवी: भीती कुणाची वाटते, ते नाव. आजवर तिनं ते एकदाही उच्चारलेलं नाही. विचारलं की 'ते' म्हणते, 'त्यांची माणसं' म्हणते.

"आनि न्हाय घेतलं नाव तर?"

"तर चहा पिऊन परत या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जा. रेटायचं नाही. तारीख मी वाढवून घेईन."

आण्णांनी आतल्या खोलीकडं तोंड करून काकूंना हाक मारली आणि गुरुवारी सवड आहे का, ते विचारलं.